चुकीच्या डब्यातली चिठ्ठी

"समदं चर्च उठून उभं ऱ्हायलं बघ," सासूबाई उंबऱ्यातच चपला काढत म्हणाल्या. "पाळकांनी माझ्या शांतवनाचं नाव घेतलं अन् लहान-थोर सगळी उभी. मला तर भरूनच आलं."

मी स्टोव्हवर बटाटे परतत होते. हातातलं उलथनं तसंच थांबलं.

"उभे राहिले? आई, नीट आठवा. माना खाली घालून बसले असतील."

"मी काय आंधळी हाय? उभे ऱ्हायले. अन् तो दानू शिंपी तर डोळे पुसत होता. बाहेर आल्यावर बायांनी माझे हात धरले. येतो म्हणाल्या गुरुवारी."

मी स्टोव्ह बंद केला आणि तिथंच पाटावर बसले. करायला गेलो एक आणि होऊन बसलं भलतंच.

आमच्या चर्चची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय मी स्टोव्ह का बंद केला ते कळायचं नाही. दाराशी फळीवर बिस्किटांचे दोन जुने पत्र्याचे डबे असत. एकात विनंतीच्या चिठ्ठ्या टाकायच्या, दुसऱ्यात उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या. चिठ्ठीवर फक्त नाव आणि एक शब्द. पूर्वी म्हणे लोक पानभर लिहीत, त्यात जावेच्या कागाळ्या, शेजाऱ्याच्या कोंबड्या, सगळं यायचं आणि पाळकांना ते उपासनेत वाचावं लागायचं. मग कुणा जुन्या पाळकांनी नियम केला: नाव आणि एक शब्द, बाकीचं परमेश्वराला ठाऊक आहे. म्हणजे कुणाला मूल हवं असलं तर नाव आणि 'मूल'. मूल झालं तरीही नाव आणि 'मूल'. चिठ्ठी कोणत्या डब्यातून निघाली त्यावरून समजायचं. विनंती वाचली की लोक बसल्या जागी माना खाली घालत. उपकारस्तुती वाचली की सगळे उभे राहत. आणि ज्याची उपकारस्तुती त्याच्या घरी येत्या गुरुवारी पाच वाजता सगळी मंडळी जात, भजन होई, प्रार्थना होई, ज्याच्यावर कृपा झाली तो माणूस उठून देवाने आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष देई, आणि मग चहा-लाडू.

माझ्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: शांतवन मकासरे, पाय.

"कोणत्या डब्यात टाकलीत?" मी विचारलं.

"डाव्या. नेहमीच्या. मला काय वाचता येतं व्हय? विनंतीचा डावा, एवढं ठावं हाय मला." आणि मग त्यांचा आवाज बारीक झाला. "नाताळासाठी चुना मारलाय गं भिंतींना. डबे काढून परत ठेवले असतील."

त्या तिथंच दाराला टेकून रडायला लागल्या. पुढं कितीतरी वर्षं लोकांनी मला विचारलं, म्हातारीने मुद्दाम केलं असेल का म्हणून. नाही हो. मुद्दाम करणारी बाई दोन दिवस अन्नपाणी सोडून रडत नाही.

आता पायाचं सांगते. शांतवन म्हणजे माझे मालक. आम्हा बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं त्या काळी होतं, पण आता माझं वय झालं, कोण काय म्हणणार. ते गवंडी. प्रवरेच्या त्या सगळ्या पट्ट्यात त्यांच्या हातचा गिलावा ओळखू येई. जुलैमध्ये एका शाळेच्या भिंतीचं काम चालू असताना बांबूची परांची सुटली आणि ते दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आले. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात सळई घातली, महिनाभर पाय टांगून ठेवला. तिथंच एकदा त्यांना दोन दांड्यांमध्ये उभं केलं, तर ते कोसळले. त्यानंतर घरी आणलं ते मधल्या खोलीतल्या खाटेवर, आणि तिथून ते उठलेच नाहीत. दुखतं म्हणायचे. एवढंच बोलायचे.

त्या रविवारच्या अकरा दिवस आधी चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. आता कुबड्या घेऊन उभं राहायचं, रोज थोडा भार द्यायचा. पंधरा दिवसांनी दाखवा. असेच पडून राहिलात तर गुडघा आखडेल आणि मग मी काही करू शकणार नाही." कुबड्या आणल्या. त्या खाटेच्या डोक्याशी उभ्या केल्या, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. अकरा दिवस मी गोड बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं, एकदा रागाने ताट आपटलं. शांतवन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना माझा राग आलाय असं मला वाटायचं, आणि मग मलाही त्यांचा यायचा.

आणि देवाचा तर फारच. खरं तेच सांगते. मी पाळण्यात असल्यापासून चर्चमध्ये वाढलेली, बालवाडीत मुलांना प्रार्थना शिकवणारी बाई, पण ऑगस्टपासून मी चर्चची पायरी चढले नव्हते. ज्याने मिशनच्या शाळेच्या भिंतींना फुकट गिलावा केला, ज्याने कुणाचं वाईट केलं नाही, त्यालाच वरून खाली टाकायचं? कुणी 'देव चांगला आहे, शलोमी' म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चिठ्ठीसुद्धा सासूबाई चार रविवार मागे लागल्या म्हणून लिहून दिली, पोळ्या लाटता लाटता, पिठाच्या हाताने.

आमचं घर ते केवढं, मधल्या खोलीला दार नाही, पडदाच. आमचं सगळं बोलणं आत ऐकू गेलं होतं.

"शलोमी," आतून आवाज आला. आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं होतं. मी पडदा सारून आत गेले.

"गुरुवारी कुणी येता कामा नये. साक्ष म्हणून मी काय सांगू त्यांना? जाऊन सांग सगळ्यांना, चूक झाली म्हणून."

"सांगते," मी म्हटलं. "उद्याच सांगते."

सोमवारी बालवाडी सुटल्यावर मी आधी पाळकांकडे गेले. उजागरे पाळक तरुण होते, वर्षभरापूर्वीच आलेले. मी चिठ्ठीचा घोळ सांगितला तर त्यांचा चेहरा पडला.

"मलाही जरा शंका यायला हवी होती," ते म्हणाले. "पण मकासरेबाई, तुमचं अक्षर पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की मी विचारच केला नाही. आता पुढच्या रविवारी सांगता येईल, पण गुरुवार तर आधी येतो. मी घरोघर जातो."

"तुम्ही नका जाऊ. घोळ आमच्या घरातला आहे. मीच जाते. माझी जीभ अशा कामाला बरी आहे."

बढाई मारली खरी.

पहिलं घर सगुणाबाईंचं. सगुणाबाई म्हणजे मिशनच्या जुन्या प्रचारिका, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, एका खोलीत राहायच्या. तोंडात दात नव्हता. मी गेले तेव्हा त्या जेवायला बसल्या होत्या. भाकरी वांग्याच्या भरतात कुस्करून, डोळे मिटून, असा एकेक घास खात होत्या की मी दारातच थबकले.

"सलाम, बाई. जेवा, जेवा. मी थांबते."

"थांबतेस कशाला, बस. ताट घे. आज सोमवारचं जेवण आहे, एकटीने खायचं नाही."

"सोमवारचं म्हणजे?"

त्या हसल्या. "शांतवन पडला तो वार सोमवार ना? तेव्हापासून सोमवारी मी जेवत नव्हते. परमेश्वराला म्हटलं, त्याला पायावर उभं कर, तोवर सोमवार तुझा. चार महिने झाले बघ. काल पाळकांनी चिठ्ठी वाचली आणि आज सकाळी उठल्या उठल्या मी वांगी आणायला गेले. चांगली निघाली वांगी."

माझी बरी असलेली जीभ टाळ्याला चिकटली. ऐंशी वर्षांची म्हातारी चार महिने दर सोमवारी उपाशी राहत होती, माझ्या घरासाठी, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ऑगस्टात ही माझ्या दाराशी आली होती तेव्हा मी तिला 'काम आहे' म्हणून उभ्या उभ्या लावून दिलं होतं. आता तिच्या तोंडातला घास काढून घ्यायचा? मी ताट घेतलं. जेवले. वांगी खरंच चांगली होती. आणि काही न सांगता बाहेर पडले.

म्हटलं, हिला शेवटी सांगू. आधी दानूला सांगू, तो काही इतका हळवा नाही.

दानीएल थोरात, चर्चच्या मागच्या गल्लीतला शिंपी. त्याचं आणि शांतवनचं दीड वर्ष बोलणं बंद होतं. चर्चच्या भिंतीला तडा गेला तेव्हा दानू चारचौघांत म्हणाला होता की गिलावा कच्चा होता, आणि मग एकाने एक म्हटलं, दुसऱ्याने दहा. मी दुकानात शिरले तर त्याने मशीन थांबवलं आणि उठून उभा राहिला.

"वहिनी, बसा." स्वतःच स्टूल पुसलं. "बरं झालं तुम्ही आलात. मला कुणाला तरी सांगायचंच होतं. चार महिने झोप नाही मला."

"काय झालं?"

"शांत्या पडला त्याच्या आदल्या शनिवारी आमची बाजारात गाठ पडली. शब्दाला शब्द लागला. मी म्हणालो, फार उंचावरून बोलतोस, एकदा पडशील म्हणजे कळेल." दानूने मशीनवरचं कापड उगाच सारखं केलं. "सोमवारी पडला. वहिनी, मी खुनी आहे असं वाटायचं मला. चर्चमध्ये बसायचो पण मान वर करायची हिंमत व्हायची नाही. काल पाळक म्हणाले 'शांतवन मकासरे, पाय', आणि सगळे उठले, तेव्हा मला वाटलं, झालं, देवाने मला माफ केलं."

सांगा आता, मी काय बोलणार होते? 'दानूभावजी, माफीबिफी काही नाही, म्हाताऱ्या सासूने डबा चुकवला' असं? मी म्हटलं, "गुरुवारी या."

तिथून पुढं तर विचारूच नका. निघाले होते आमंत्रण मागे घ्यायला, आणि ज्या दारात जावं तिथून काही ना काही हातात घेऊन परत येत होते. कुणी गूळ दिला, कुणी शेंगदाणे, पाळकांच्या बायकोने चहाची पूड. एकीने तर घट्ट मिठीच मारली, आणि ती बाई मला मुळीच आवडत नसे. प्रत्येक घरात मी 'अहो, ऐका ना' म्हणून सुरुवात करायची आणि प्रत्येक घरात कुणीतरी सांगायचं की आम्ही रोज रात्री जेवणाआधी तुमचं नाव घेत होतो. शांतवनचं आणि माझंही. मी चार महिने सगळ्यांशी तोंड फिरवून होते आणि ही माणसं रोज जेवणाआधी माझं नाव घेत होती.

बुधवारी शांतवननी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि हे मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं धडधडीत खोटं. सासूबाई बाजूलाच शेंगदाणे कुटत होत्या. त्या खाली बघून जरा जास्तच जोरात कुटायला लागल्या.

गुरुवार उजाडला. डॉक्टरांनी दिलेला तो शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवायला जायचं होतं आणि दाखवायला काही नव्हतं. पाच वाजता गल्लीच्या तोंडाशी ढोलकी वाजली. टाळ वाजले. पन्नासेक माणसं भजन म्हणत येत होती, आणि ते इतकं मोकळं, इतकं आनंदाचं भजन होतं की शेजारपाजारचे लोकही दारात येऊन उभे राहिले.

शांतवननी कोपरावर जोर देऊन मान उचलली. "हे काय?"

मी खाटेजवळ गेले. "मी नाही सांगू शकले. खोटं बोलले तुमच्याशी. प्रत्येक दारात गेले, पण नाही सांगू शकले."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे वळले. मी पडदा नीट ओढला आणि दारात गेले.

मंडळी अंगणात पोचली होती. पुढे सगुणाबाई, पाळकांच्या हाताला धरून. भजन संपेपर्यंत मी वाट पाहिली. मग पदर खोचला आणि एका दमात सांगून टाकलं.

"सलाम मंडळी. आत येण्याआधी ऐका. ही चिठ्ठी चुकून उपकारस्तुतीच्या डब्यात पडली. ती विनंतीची होती. हे बरे झाले नाहीत. घरी आल्यापासून एकदासुद्धा उभे राहिलेले नाहीत. चार दिवस मला सगळ्यांना सांगायचं होतं, पण तुमचे आनंदी चेहरे बघून माझं धाडस झालं नाही. चूक आमची आहे. मला माफ करा."

टाळ धरलेल्या माणसाचे हात खाली आले. दानू शिंपी मागे होता, बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. तो मटकन ओट्याच्या कडेला बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते मला बघवेना.

तेवढ्यात सगुणाबाई म्हणाल्या, "म्हणजे सोमवारचं मी उगाच जेवले की काय?"

"हो बाई," मी म्हटलं. "आणि मीही बसून जेवले तुमच्याबरोबर."

त्या बोळक्या तोंडाने खळखळून हसायला लागल्या. "अगं पोरी, काय वांगी होती पण." मग हसणं आवरून म्हणाल्या, "शांतवन जिवंत आहे ना?"

"आहे."

"दोन मजल्यांवरून पडलेला माणूस जिवंत आहे. मग आपण आलोय ते काही फुकट नाही. त्याच्या जिवाचे आभार मानू. पायाचं परत मागू. पाळकसाहेब, चालेल ना असं?"

"चालेल," पाळक म्हणाले. "हे मला आधी सुचायला हवं होतं."

आणि ती सगळी मंडळी आत आली. बाहेरच्या खोलीत मावेनात तेव्हा ओट्यावर बसली, अंगणात बसली. पडद्याजवळची जागा सगुणाबाईंनी पकडली. प्रार्थना सुरू झाली. एकेकाने आभार मानले. शांतवन पडले तेव्हा खाली वाळूचा ढीग होता त्याबद्दल. ज्या अनोळखी माणसाने आपल्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं त्याच्याबद्दल. हाड जुळलं त्याबद्दल. म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांसमोर मुलगा आहे त्याबद्दल. हे सगळं माझ्याच घराच्या वाट्याला आलेलं होतं आणि यातलं एकही मी मोजलेलं नव्हतं. मी फक्त पाय मोजला होता. कुणीतरी म्हणालं, "शलोमीताईंना तू थकू दिलं नाहीस, प्रभू." मी पदराचा बोळा तोंडात धरला.

मग साक्षीची वेळ आली. पाळक म्हणाले, "आज साक्ष कुणी द्यायची गरज नाही. आपण शेवटची प्रार्थना करू."

"दानू आलाय का?"

आवाज पडद्याआडून आला होता. दानू ओट्यावरून उठला, माणसांतून वाट काढत आत आला आणि पडदा सारून खाटेपाशी उभा राहिला. मी त्याच्या मागोमाग गेले. पडदा मागे पडला, पण पडदाच तो. बाहेर पन्नास माणसं ऐकत होती.

"शांत्या, मी म्हणालो होतो तुला," दानू म्हणाला. "पडशील म्हणून."

"तू म्हणालास म्हणून पडलो नाही रे. परांचीचा दोर मीच बांधला होता. जेवायची सुट्टी व्हायची होती, घाई केली. माझ्या हातची गाठ सुटली." शांतवन छताकडे बघत बोलत होते. "पंधरा वर्षं गाठी मारतोय. पाय मोडल्याचं एवढं नाही. पण आता माझ्या हाताचा मला भरवसा वाटत नाही, पायाचा तर नाहीच. पाय दुखत नाही. कधीच थांबलाय दुखायचा. शलोमीला मी खोटं सांगतो. मला भीती वाटते, दानू. खाटेवरून पाय खाली सोडला की जमीन फार लांब वाटते."

इतके दिवस मी ज्याला राग समजत होते ती भीती होती. मी त्यांच्या उशाशी बसले आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मला त्यांच्यावर फार माया दाटून आली.

दानूने बराच वेळ नाक ओढलं. मग एकदम बगलेतला कागद सोडला. आत राखाडी रंगाची नवी पॅन्ट होती.

"ही शिवली. चार दिवसांत. जुनं माप होतं माझ्याकडे, पण तू वाळलायस. लांबी बघायला लागेल."

"ठेव. बघीन घालून."

"पडून?"

"मग?"

"पडून लांबी कशी बघणार? गुडघ्याशी चढते, घोट्याशी लोळते. शिंपी मी आहे का तू? मी तुला गिलावा शिकवला का कधी?"

"शिकवलास की. चारचौघांत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग शांतवन माझ्याकडे बघून म्हणाले, "घाल."

मी पॅन्ट चढवली. दानूने एक काख धरली, मी दुसरी. पाय खाली सोडले, तळवे जमिनीला टेकले. त्यांचं सगळं अंग थरथरत होतं. "उठ," दानू म्हणाला, आणि आम्ही त्यांना उठवलं. माझ्या दंडात त्यांची नखं रुतली. पण उभे राहिले. भार माझ्यावर होता, तरी उभे होते.

दानू त्यांच्या पायाशी उकिडवा बसला. खिशातून खडू काढला. "हलू नकोस. शिवण वाकडी जाईल."

डावा पाय बघितला. मग उजवा. परत डावा. कापड दुमडलं, सोडलं, पुन्हा दुमडलं. इतक्या सावकाश दानू कधी काम करत नसे. शांतवनच्या कपाळावरून घाम गळत होता, पण माझ्या दंडावरची पकड हळूहळू सैल व्हायला लागली. भार कमी झाला. माझ्या खांद्याला ते आधी कळलं, मग मला.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"थांब जरा. मागची बाजू राहिलीय."

"अरे अजून किती?"

"झालं कधीच," दानू खालूनच म्हणाला. "तू उभा आहेस म्हणून मी बसलोय."

शांतवननी खाली पाहिलं. मग त्यांच्या पोटातून हसू आलं. आधी नुसता हुंकार, मग खदाखदा. ते हसायला लागले तसे हलले, मीही हलले, दानू त्यांना धरायला उठला आणि आम्ही तिघं मिळून खाटेवर आदळलो. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "पडला काय रे?" आणि त्यांनी पडदाच ओढून काढला, दांडीसकट.

बाहेरच्या सगळ्या माणसांनी पाहिलं: नवी पॅन्ट घातलेले शांतवन, त्यांच्यावर रेललेला दानू, आणि पदर डोक्यावरून सुटलेली मी, तिघंही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतोय.

"शेवटची प्रार्थना कोण करतंय?" पाळकांनी विचारलं. त्यांचाही आवाज नीट नव्हता.

"मी करते," मी म्हटलं.

देवाला ऐकवायला माझ्याजवळ चार महिन्यांचं भांडण साठलेलं होतं, शब्दांसकट पाठ. डोळे मिटले तर त्यातला एकही शब्द आठवेना. मी म्हटलं, "प्रभू, तू चांगला आहेस. हे का पडले ते मला अजून कळलेलं नाही, आणि तू सांगितलंस तरी मला पटेल असं नाही. पण मी तुझ्यावर रुसून बसले होते तेव्हा माझ्या घरासाठी एक म्हातारी उपाशी राहत होती, आणि हे तू मला एकदाही बोलून दाखवलं नाहीस. मला लाज वाटते आणि फार आनंद होतो. आमेन."

पन्नास लोक आमेन म्हणाले. मग चहा झाला, लाडू झाले, आणि शांतवननी चार लाडू खाल्ले.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांकडे जायला जीप सांगितली होती. खुर्ची उचलणारे चौघं यायला अजून वेळ होता. मी दुधाचं भांडं घेऊन रस्त्यावरून परत येत होते, तर शांतवन दारात. दोन्ही काखेत कुबड्या, केस विंचरलेले. मागे सासूबाई दोन्ही हात पसरून उभ्या, पण शिवत नव्हत्या. शांतवननीच तंबी दिली असणार.

ओट्याला एक पायरी होती. फार तर वीतभर उंचीची. ते तिच्याकडे बघत होते.

"हात देऊ?" मी विचारलं.

"नको. तू नुसती समोर उभी राहा."

मी समोर उभी राहिले. त्यांनी आधी कुबड्या खाली टेकवल्या. मग मोडलेला पाय. क्षणभर ते तिथंच अडकले, तोंड पांढरं पडलं, आणि मी दुधाचं भांडं घट्ट धरून ठेवलं, पुढे झाले नाही. मग दुसरा पाय खाली आला. शांतवन अंगणात, मातीवर उभे होते.

आजही ते थोडे लंगडतात, आणि मी चिडवते की चाल पहिल्यापेक्षा ऐटबाज झालीय. पण त्या सकाळी मला चिडवणं सुचलं नाही. माझ्या डोळ्यांतलं पाणी थेट दुधात पडत होतं. शेजारच्या गंगूमावशी चूळ भरायला बाहेर आल्या होत्या.

"काय गं शलोमी," त्या म्हणाल्या, "सकाळी सकाळी रडतेस व्हय?"

"नाही हो, मावशी," मी म्हटलं. "आभार मानतेय."